माननीय पोट

एका जंगलात एक महानगरपालिका होती. जंगलात कशाला हवी महानगरपालिका, असे विचारू नका बाळांनो. शहरातल्यांना तरी कुठे कोणी विचारते?

तिथे एक्क्याऐंशी नगरसेवक होते. त्यातले ऐंशी जांभूळ पक्षाचे. उरलेली एक साळूबाई साळिंदर. ती विरोधी पक्ष होती. एकटीच असल्यामुळे निदान तिच्यात फूट पडत नसे.

महापौर निवडायची पद्धत अगदी सोपी होती. पक्षाचे सर्वेसर्वा बापूसाहेब अस्वल टेकडीवर राहत. ते कागदावर एक नाव लिहीत, कागद पाकिटात घालत आणि पाकीट खाली पाठवत. सभागृहात पाकीट फुटे, ऐंशी शेपट्या वर होत आणि लोकशाही पार पडे.

यंदा पाकीट न्यायला भिकोबा गाढवाला बोलावणे आले. भिकोबाने तीस वर्षे पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, तेव्हा कुठे तो नगरसेवक झाला होता. आता एकदा तरी महापौर व्हावे असे त्याला फार वाटे. बायकोने पांढरे जाकीटसुद्धा शिवून ठेवले होते. दर निवडणुकीला ती ते उन्हात घाली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवी.

बापूसाहेबांनी पाकीट त्याच्या कानामागे खोचले.

"भिकोबा, तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देतोय. ही गोष्ट पोटात ठेवायची. सभेच्या आधी कुणाच्या हाती लागता कामा नये."

एवढे बोलून ते झोपले. अस्वलाची झोप ती. दोन महिन्यांची निश्चिंती.

पाकीट फोडून बघावे असे भिकोबाला वाटले नाही का? वाटले ना. जीव नुसता खालीवर होत होता. पण दुसऱ्याचे पाकीट फोडू नये, असे त्याला लहानपणी शिकवले होते आणि दुर्दैवाने ते त्याच्या लक्षात राहिले होते.

ओढ्यापाशी धूर्जटराव कोल्हा उभा होता. हा पक्षाचा सभागृहनेता.

"दमलास रे भिकोबा. आण ते पाकीट, मी धरतो."

"नको साहेब."

"अरे, फोडत नाही. नुसतं उन्हाला धरून बघतो. आतलं अक्षर दिसतं."

धूर्जटरावाने पंजा पुढे केला. भिकोबा घाबरला. त्याला बापूसाहेबांचे शब्द आठवले, आणि त्याने पाकीट पोटात ठेवले. डिंकासकट.

सभागृहात हाहाकार उडाला. बापूसाहेबांना उठवून विचारावे, तर विचारायचे कोणी? विचारणारा म्हणजे शंका घेणारा. शंका घेणारा म्हणजे साळूबाईचा माणूस. ऐंशी जण एकमेकांकडे बघत बसले.

नगरसचिव कासवाने चष्मा पुसला. "उमेदवाराचं नाव सांगा."

"नाव भिकोबाच्या पोटात आहे," धूर्जटराव म्हणाला. "पोटात जे असेल त्याला पक्षाचा पाठिंबा."

"असेल त्याला, असं इतिवृत्तात लिहिता येत नाही."

"मग पोटच लिहा."

साळूबाईचे काटे उभे राहिले. "अहो, काय चाललंय हे? पोटच निवडायचं तर भिकोबालाच करा की महापौर! पोट त्याचंच आहे ना?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी महापौरपदासाठी भिकोबाचे नाव घेतले होते. पण घेतले होते विरोधकांनी.

"बापूसाहेबांनी माझंच नाव लिहिलं असेल कशावरून?" तो पटकन म्हणाला.

मतदान झाले. पोट ऐंशी विरुद्ध एक असे निवडून आले. ऐंशीपैकी एक शेपटी भिकोबाची होती.

महापौरांची सोन्याची साखळी पोटाला बांधली. दारावर 'माननीय पोट' अशी पाटी लागली. दालनात पोट खुर्चीवर ठेवीत आणि उरलेला भिकोबा खुर्चीबाहेर उभा राही. पोट एकदा गुडगुडले की प्रस्ताव मंजूर. दोनदा गुडगुडले की समितीकडे. एके दिवशी भिकोबाने भिजवलेले हरभरे खाल्ले, तर दुपारपर्यंत चौदा उड्डाणपूल मंजूर झाले. त्यातले नऊ पक्ष्यांसाठी होते.

तेव्हापासून ठेकेदार हरभरे घेऊनच येत. भिकोबा "पुरे हो, दुखतंय" म्हणाला, की धूर्जटराव त्याला दटावी. "महापौर बोलत असताना मध्ये बोलू नये."

घरी बायकोने ट्रंकेतले जाकीट काढले. ते पोटावर बसेना. मग तिने ते कापून त्याचा पट्टा केला. शिवता शिवता ती रडली, आणि भिकोबाला तिच्याकडे बघवेना.

दोन महिन्यांनी बापूसाहेब जागे झाले आणि सत्काराला खाली उतरले. पोटाला शाल घातली, नारळ दिला. भिकोबाने हळूच त्यांच्या कानाशी तोंड नेले.

"बापूसाहेब, रागावू नका. पण पाकिटात कोणाचं नाव होतं हो?"

"तुझंच की रे! म्हटलं, तीस वर्षं राबतोय. यंदा होऊन जाऊ दे."

"मग आता सांगा ना सगळ्यांना!"

"खुळा का तू? पक्षानं पोट निवडलंय, एकमतानं. आता मी तुझं नाव घेतलं, तर पक्ष चुकला असं होईल."

"पण पोट माझंच आहे ना, बापूसाहेब?"

"होतं. आता ते जंगलाचं आहे." बापूसाहेबांनी शालीची घडी नीट केली. "अडीच वर्षांची मुदत आहे. जपून चाल, थंड पाणी पिऊ नकोस. पोटाला काही झालं, तर तुला पक्षातून काढीन."

"होय, बापूसाहेब," भिकोबा म्हणाला, आणि माननीय महापौरांना सांभाळत एकेक पायरी उतरू लागला.

तात्पर्य : बाळांनो, दुसऱ्याचे पाकीट कधी फोडू नये, असे शाळेत शिकवतात ते अगदी बरोबर आहे. सगळेच पाकिटे फोडू लागले, तर पोट कोणी वाहायचे?