बसायची ड्यूटी

"ताई, तुला विमानात कोणी घेत नाही म्हणून तू घरी बसलीयस का गं?"

प्रश्न विचारला संयोगिताने, पण तो तिचा नव्हताच. तो होता तिच्या मैत्रिणीचा, दीपमालाचा, आणि दीपमाला दारामागे तोंडात ओढणी कोंबून उभी होती. हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैज शाळेच्या खो-खोच्या मैदानावर लागली होती. नववीपर्यंत असल्या पैजेपासून संयोगिताने पळ काढला असता. दहावीत आल्यापासून मात्र तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती, अगदी बीजगणिताचीसुद्धा. आणि त्याचे परिणाम चाचणी परीक्षेत दिसलेही होते.

तिची थोरली बहीण स्वप्नाली पुण्याहून विमान उडवायची. को-पायलट होती. दोन दिवसांच्या सुट्टीवर साताऱ्याला आली होती आणि आत्ता आईला शेंगा फोडून देत होती. ती चिडली नाही.

"घेतात की! पण महिन्यातले काही दिवस मी राखीव असते. कुणी पायलट आजारी पडला, कुणाचं विमान धुक्यात अडकून त्याचे कामाचे तास संपले, की रोस्टरवाले, म्हणजे ड्यूट्या लावणारे, मला फोन करतात. फोन आला की निघायचं. नाही आला तर बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं कसं? बॅग भरलेली, ड्रेस इस्त्रीचा, झोप पुरी झालेली. सिनेमा नाही, गावाला जाणं नाही. बसणं हीच ड्यूटी."

"मग आत्ता पण राखीव आहेस?"

"आत्ता सुट्टी आहे, बाई. सुट्टीत त्यांचा फोन आला तर हो म्हणायचं का नाही, ते मी ठरवणार."

दारामागचं खिदळणं थांबलं. संयोगिताची मान मात्र ताठ झाली. कारण ती स्वतः शाळेच्या संघात राखीव होती. नऊजणी मैदानात, तिघी बाहेर, आणि त्या तिघींत ही. उद्या सांगलीला विभागीय सामने होते. त्यावर आईचं मत ठाम होतं. "बसायलाच जायाचं तर सांगली कशाला? घरात सोफा हाय की!" आबांनी परवानगी दिली होती, पण स्वप्नाली सोबत जाणार या एका अटीवर.

स्वप्नाली न्हायला गेली आणि तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं 'रोस्टर'. आबा म्हणजे पोरींचे वडील, निवृत्त सुभेदार लालासाहेब. ते पेपर टाकून असे उठले, जणू अंगणात बिगूल वाजला.

"आबा, राहू द्या, ताईची सुट्टी आहे."

"ड्यूटीचा फोन वाजत ठिवायचा नसतो!"

आबांनी टाचा जुळवून फोन कानाला लावला. "सुभेदार लालासाहेब, रिटायर्ड. बोलिए! ... अच्छा, पायलट बीमार? ... कल सुबह? तीन दिन? ... पूछना क्या है उसमें! हमारी लडकी हाजिर रहेगी. जय हिंद!"

"आबा, हे काय केलंत? ताईला विचारायचं तरी!"

"तिकडं विमान खोळंबलंय आन् हितं विचारत बसू व्हय?"

एकदा मोहीम हाती घेतल्यावर आबा थांबणारे नव्हते. त्यांनी बाळासोला फोन लावला. बाळासोची जीप गल्लीतली सगळ्यात भरवशाची.

"बाळासो, उद्या पहाटं पुण्याला निघायचं. विमानतळ."

"आवं सुभेदार, उद्या मी शाळंच्या पोरी घेऊन सांगलीला निघालोय."

"पोरी एसटीनं जात्यात की रं! हे अर्जंट हाय."

बाळासोने शाळेच्या खेळाच्या सरांना कळवलं. सरांनी पोरींच्या घरी कळवायला सुरुवात केली आणि पहिला फोन कर्णधाराला केला. म्हणजे दीपमालाला. ती अजून दारामागेच होती.

"एसटीनं जायचंय," फोन ठेवून ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "आणि सर म्हणतात, आयत्या वेळी एसटीत एवढ्या जागा मिळायच्या नाहीत. राखीव तिघींनी घरीच थांबायचं."

संयोगिताने महिनाभर पहाटे धावून गुडघे सोलून घेतले होते, ते काय घरच्या सोफ्यासाठी?

तोवर आईने दशम्यांचं पीठ मळायला घेतलं होतं आणि आबांनी माजी सैनिकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, 'कन्या तातडीच्या कामगिरीवर रवाना होत आहे.' साताऱ्यात असा मेसेज वाया जात नाही. आबांचे जुने सोबती हवालदार नाथाजी कंदी पेढ्यांचा बॉक्स आणि झेंडूचा हार घेऊन हजर झाले. स्वप्नाली डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तर टॉवेलवरूनच हार गळ्यात पडला.

"हे कशाबद्दल?"

आबांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. स्वप्नालीने फोन उघडून बघितलं. खरंच, पुणे-दिल्ली-गुवाहाटी अशी फेरी तिच्या नावावर चढली होती. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"नमस्कार, मी स्वप्नाली. मघाशी फोन माझ्या वडिलांनी घेतला. ते पायलट नाहीत. मी सुट्टीवर आहे आणि माझा होकार नाही ... नाही, जमणार नाही. राखीवमधल्या कुणाला तरी विचारा ... सोमवारी माझी राखीव पाळी आहे. तेव्हा पहिल्या रिंगला उचलेन. धन्यवाद."

नाथाजींनी हातात घेतलेला पेढा हळूच बॉक्समध्ये परत ठेवला.

"न्हाई म्हनलीस?" आबांचा आवाज चिरकला. "ड्यूटीला न्हाई? आपल्या घरात आजवर कुनी..."

"आबा, आठवडाभर पहाटेची विमानं केलीत मी. डोळे मिटत असताना माणसं घेऊन गुवाहाटीला जाऊ? सुट्टी म्हणजे लाड नाहीत."

"मग तिकडं कोण जाईल?"

"राखीव बसलेत ना, ते जातील. त्यासाठीच तर बसलेत!"

मग आबांनी सोपं गिऱ्हाईक पकडलं. "बरं. मग सांगलीबी रद्द! सरच राखीव नको म्हणत्यात. आता बाळासोलाबी सांगून टाकतो."

त्यांनी फोन लावून सगळं सांगितलं. पण पुण्यासाठी सांगलीचं भाडं सोडलं, आता पुण्याचंही गेलं म्हणून बाळासो वैतागला होता. "सुभेदार, आता मीच उद्या सुट्टी घेतो. आन् माझा फोन माझी बायकू उचलनार न्हाई!"

संयोगिता भिंतीपाशी गेली. तिथे काचेच्या चौकटीत आबांचं पदक होतं.

"आबा, हे कशाचं?"

ही गोष्ट सांगायला आबा झोपेतूनही उठले असते. "बर्फातल्या चौकीचं. सगळा हिवाळा आमची तुकडी राखीव हुती. बूट चढवून, बंदूक मांडीवर घिऊन बसायचो. कवा बोलावनं यील सांगता यायचं न्हाई."

"आलं?"

"...न्हाई."

"गोळी झाडली?"

"एकबी न्हाई."

"मग पदक कशाचं?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. उत्तर नाथाजींनी दिलं. एव्हाना तो पेढा त्यांच्या तोंडात पोचला होता. "बसल्याचं. मलाबी हाय."

स्वप्नालीने हारात तोंड लपवलं. आई पिठाचे हात घेऊन दारात आली. संयोगिताने दीपमालाच्या हातातला फोन काढून घेतला, सरांना लावला आणि ताईसारखाच आवाज काढला.

"नमस्कार सर, संयोगिता बोलतेय. आपला संघ नऊजणींचा नाही, बाराजणींचा आहे. राखीव येणार ... नाही सर, जागेचं आम्ही बघू. धन्यवाद."

दीपमालाचा आ वासलेलाच राहिला. पैज केव्हाच जिंकून झाली होती, पण संयोगिता आता पैजेवर थांबणार नव्हती. तिने कोपऱ्यातले बूट ओढले, भर दिवाणखान्यात बसून नाड्या करकचून आवळल्या आणि उठून आई-आबांपुढे टाचा जुळवल्या.

"आई, आबा, ठरलं. ताई सोबत आहे. उद्या मी एसटीनं जाणार. जागा नसली तर सांगलीपर्यंत उभी राहीन, पण तिथं पोचून मी बसणार म्हणजे बसणारच!"