झुलीच्या आत कोण

वामनभाऊंच्या टमाट्यांची राखण सुपरहिरो करतात. वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा भाजीचा मळा आहे. तिथली बुजगावणी लाल-निळ्या झुली पांघरून, तोंडाला फडकी बांधून, छाती काढून उभी असतात. डोक्याच्या जागी मडकं, आणि मडक्याला डोळे नाहीत. वामनभाऊंचं म्हणणं असं, की डोळे रंगवले तर तो कुठे बघतोय ते पाखराला कळतं. नाही रंगवले, तर तो आपल्याकडेच बघतोय असं प्रत्येकाला वाटतं. मी मळ्याशेजारच्या खोलीत भाड्याने राहतो, शाळेत गणित शिकवतो आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी दिवेलागणीला तिथून मोटरसायकल नेताना माझा हात आपोआप वेग वाढवतो.

हा नाद त्यांना मोटारीच्या खोपटात लागला. लाइन आली की विहिरीवरची मोटार सुरू करायची, पाणी वाफ्यात फिरेपर्यंत खाटेवर बसायचं आणि मोबाइलवर हिंदीत बोलणारे इंग्रजी सुपरहिरो बघायचे. त्यांची नावं भाऊंनी कधी लक्षात ठेवली नाहीत. पाठीवर कापड असलेला तो झूलवाला, आणि तोंड झाकलेला तो मुसकंवाला. बैलाला जे घालतात तेच शब्द. पण नटांची पारख मात्र कडक. मारामारी, उडणं, इमारती पाडणं याचे त्यांच्याकडे शून्य मार्क. "उभं राहता आलं पायजे," ते म्हणत. "कमरेवर हात ठेवला, समजा नट भेला. आमचे पाहा, कवा हात हलवते का?" त्यांच्या मते भल्याभल्या नटांना त्यांच्या मळ्यात एक हंगामही नोकरी मिळाली नसती.

एकदा मला शहाणपण सुचलं आणि मी सांगितलं, की हिंदी बोलणारा आवाज त्या नटाचा नसतो, दुसऱ्याचा असतो. भाऊंचा चेहरा उतरला.

"मंग उडून कोन राह्यलं?"

मी म्हटलं, ते काम करणारा आणखी वेगळा.

"म्हनजे एका झुलीत तीन मानसं." त्यांनी मळ्यातल्या झुलींकडे बोट केलं. "अन् आमच्याईत कोन असन, सर?"

वारा पडलेला होता. तरी मला एक झूल हलल्यासारखी वाटली आणि शाळेचं काम आठवून मी घरी गेलो.

त्यांचा खरा राग होता नव्या झूलवाल्यावर. जुना नट थकला म्हणून कंपनीने त्याच्या जागी दुसरा आणला होता. भाऊंनी तो सिनेमा अर्ध्यात बंद केला आणि आठवडाभर जो भेटेल त्याला धरून ऐकवलं. पोशाख तोच, नाव तेच, बायको पण तीच, आणि एकालाही वाटू नये का, की हा तो नव्हे? चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, भाऊ, सिनेमाच आहे तो. भाऊ म्हणायचे, जागा खाली ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

बुजगावणी ते रोज हलवायचे. पाखरं हुशार असतात, एका जागी उभ्या माणसाला दोन दिवसांत ओळखतात. कारण साधं होतं. पण काल मेथीत दिसलेला सकाळी माझ्या खिडकीशी, मडकं काचेकडे करून उभा, हा अनुभव मी कुणाला देऊ इच्छित नाही. मी दात घासत होतो, पेस्ट गिळली.

एक व्यक्ती मात्र जागा सोडत नसे. विहिरीजवळ, रस्त्याकडे पाठ करून, जांभळ्या लुगड्यातली, डोईवरून पदर घेतलेली. शाळेत जाता-येता मी म्हणायचो, "रामराम वहिनी." उत्तर नाही. नव्या भाडेकरूशी बोलत नसतील, म्हणून मी सोडून दिलं. पण पुढेही तेच, तेव्हा मास्तरपणा दुखावला आणि मी भाऊंना विचारलं, वहिनी माझ्यावर रागावल्यात का?

भाऊ क्रेटात टमाटे भरत होते. हात थांबले नाहीत.

"इंदू जाऊन दुसरा पावसाया सुरू हाय, सर," ते म्हणाले. "पन तुमी रामराम घालत जा. तिले आवडन."

त्या दिवशी मी लांबच्या वाटेने घरी आलो.

पुढे याच लुगड्यावरून मळा अडला. तोडणीच्या बायांनी यायचंच बंद केलं. त्यांची पुढारी शेवंताबाई, तोंडाने फटकळ आणि मनाने घाबरट. तिने मला सांगितलं, की विहिरीकडच्या ओळीत वाकलं की मागे कुणी उभं असल्यासारखं वाटतं. आणि भलतीच गोष्ट म्हणजे, बाकीच्या झुली पाहून पाखरं दूर पळतात, आणि त्या लुगडेवालीच्या खांद्यावर मात्र चिमण्या येऊन बसतात.

"पाखरू ज्याले भेत नाई ते बुजगावनं नसते, सर," ती म्हणाली. "भाऊले म्हना ते काढा, नाईतर आमी नाई येत."

टमाटे लालबुंद होऊन वाफ्यात गळायला लागले. आणखी दोन-चार दिवसांत सगळं पीक मातीत गेलं असतं. शिकलेला माणूस म्हणून मध्यस्थी माझ्या गळ्यात आली. मी चाचरत सुचवलं, की त्या जागी एक झूलवाला उभा करावा. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही.

"म्हनजे तुमीबी कंपनीवालेच."

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पाहिलं, तर विहिरीजवळ लालभडक झूल, तोंडाला मुसकं. बाया निवांत टमाटे तोडत होत्या, शेवंताबाई तर गुणगुणत होती. भाऊ हरले, असं मला वाटलं, आणि जिंकल्याचा आनंद काही झाला नाही.

बाया गेल्या. उन्हं कलली. आणि कुठूनशा चिमण्या आल्या. सगळ्या झुली टाळून त्या सरळ विहिरीकडे गेल्या आणि त्या लाल झुलीवर, खांद्यावर, हातावर, मडक्यावर बसल्या. ही जागा तिची, हे पाखरांना कुणी सांगितलं?

मी कुंपणाशी गेलो, तेव्हा त्या झुलीमागून वामनभाऊ उठले. मुठीत ज्वारी होती. झुलीखाली जांभळ्या लुगड्याचा ओचा खोचलेला होता, आणि त्यात ते दाणे भरत होते. दिवसभर ज्यांना हाकलायचं, त्यांनाच.

"झूल बदलली, सर. अंदरचं मानूस नाई बदललं," ते ओशाळून म्हणाले. मग हळूच सांगितलं, की ती आयुष्यभर अशीच ओच्यात ज्वारी घेऊन फिरायची, आणि पाखरं पीक खातात म्हणून ते तिच्यावर ओरडायचे.

"मंग आता कायले?" मी विचारलं. वऱ्हाडी बोलत नाही मी, पण त्या वेळी तेच तोंडात आलं.

"पाखरं नाई आले त एकटीच उभी राहीन ना ते."

मी त्या लाल झुलीकडे वळलो आणि रोजचंच बोललो.

"रामराम वहिनी."

खांद्यावरच्या चिमण्या उडाल्या नाहीत.