एका लेवचा लॉर्ड

माझ्या नावाचा सण, म्हणजे ज्या देवदूतावरून माझं नाव ठेवलंय त्याचा दिवस, नोव्हेंबरात येतो आणि त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे येतात. त्यांना बोलवावं लागत नाही, हीच अडचण आहे. वाढदिवसाला आमंत्रण करायचं. पण नावाच्या सणाला आमंत्रण करणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असा आमच्याकडे रिवाज. आपण दार उघडं ठेवायचं, टेबल भरलेलं ठेवायचं. आणि ज्याला ज्याला रांगेल नावाचा इसम ठाऊक आहे त्याने यायचं, खायचं, प्यायचं आणि जाताना माझ्या बायकोला सांगायचं की मागच्या वर्षी डुकराचं मटण जास्त मऊ होतं. एक गृहस्थ तर एकदा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसले. जाताना म्हणाले, चुकलंच, मला वरच्या मजल्यावरच्या रांगेलकडे जायचं होतं. (वरच्या मजल्यावर रांगेल नावाचं कोणीही राहत नाही. माझा तपास अजून चालू आहे.)

दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून जातं. आम्ही गाब्रोवोचे. आमच्या काटकसरीचे विनोद सगळा बल्गेरिया सांगतो. थंडीत दार पटकन लावता यावं, ऊब बाहेर जाऊ नये, म्हणून आम्ही मांजरांच्या शेपट्या कापतो म्हणे. साफ खोटं आहे. आम्ही मांजराला थंडीत बाहेर सोडतच नाही.

तर यंदा माझी बायको स्नेझाना म्हणाली, या वर्षी थीम ठेवू या. तिने कुठेतरी वाचलं होतं की थीम असली की लोक ताटाकडे बघत नाहीत, एकमेकांच्या कपड्यांकडे बघतात. हिशेब मला पटला. थीम ठरली ‘स्वस्तातला लॉर्ड’. प्रत्येकाने लॉर्डसारखं सजून यायचं, किमतीची चिठ्ठी बाहीला लटकत ठेवायची, आणि कमीत कमी खर्चात जो जास्तीत जास्त रुबाबदार दिसेल तो जिंकला. निवाडा करणार माझ्या सासूबाई, त्सोनाआजी.

मी हो म्हणालो. तिथेच फसलो.

कारण सासूबाई निवाडा करणार म्हणजे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझा साडू प्लामेन. बाकी सगळी भरती. प्लामेनचं फरशांचं दुकान आहे. त्याने एकदा सासूबाईंच्या न्हाणीघराला कोपरे उडालेल्या फरशा फुकट बसवून दिल्या, तेव्हापासून ‘माझा खरा जावई’ हे शब्द त्यांनी त्याच्या नावावर करून टाकलेत. मी म्हणजे धाकट्या मुलीच्या हातून घडलेली चूक. चारचौघांत सासूबाईंनी ते शब्द एकदा माझ्याकडे बघून उच्चारावेत, एवढंच माझं मागणं. इतकी वर्षं संसार केल्यावर ते जास्त नाही.

आमच्याकडे जुन्या कपड्यांचं जे दुकान आहे, तिथे गुरुवारी इंग्लंडहून नवा माल येतो आणि वजनावर विकला जातो. शुक्रवारी भाव उतरतो, शनिवारी आणखी उतरतो. असं करत करत बुधवारी काहीही उचला, एक लेव. (एका लेवमध्ये आमच्याकडे धड पावसुद्धा येत नाही.) आता गुरुवारी आवडलेली वस्तू बुधवारपर्यंत टिकवायची कशी, हा प्रश्न. गल्ल्यावर बसणारी गीना राखून ठेवत नाही. तशी पाटीच आहे. म्हणून गाब्रोवोची माणसं वस्तू लपवतात. शर्ट झग्यांमध्ये, झगे चादरींमध्ये, बूट टोप्यांच्या टोपलीच्या तळाशी. त्या दुकानात समोर टांगलेलं कोणी घेत नाही. जे दिसत नाही, तोच खरा माल.

तिथे गुरुवारी मला तो कोट दिसला. उंटाच्या रंगाचा, पोटरीपर्यंत लांब, आतून रेशमी अस्तर, शिंगाची बटणं. एक बटण लोंबत होतं, पण तेही एखाद्या खानदानी माणसाने खांदे पाडावेत तसं. मी तो अंगावर चढवला आणि आरशातल्या माणसाला मी अदबीने वाट दिली. पण कोट जाड, म्हणजे वजनाला भारी. भाव ऐकूनच मी तो उतरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि बायकांच्या फ्लॅनेलच्या रात्रीच्या झग्यांमागे टांगून टाकला.

शुक्रवारी गेलो तर कोट तिथे नव्हता.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गळती शोधण्याचं काम करतो. टाकीतून जेवढं पाणी सुटतं तेवढं घरोघरच्या मीटरवर का दिसत नाही, याचा विचार करण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे कुठे पाणी मुरतंय हे मला लगेच कळतं. (कुठे मुरतंय एवढंच. नक्की जागा सापडायला रस्ता चार ठिकाणी खणावा लागतो.) पहिला संशय गीनावर आला. तिला विचारलं तर ती म्हणाली, कोणता कोट? आता निरपराध माणूस ‘कोणता’ असं का विचारेल?

पुष्कळ उलथापालथ केल्यावर कोट पडद्यांच्या गठ्ठ्यामागे सापडला. म्हणजे कोणीतरी माझा कोट हेरला होता आणि स्वतःसाठी लपवला होता. मी तो तिथून काढून नवरीच्या पोशाखांमध्ये दडवला. शनिवारी तो तिथून उडाला आणि रेनकोटांखाली निघाला. त्यात नवलाची गोष्ट अशी, की लोंबणारं बटण आता पक्कं शिवलेलं होतं. तेही मिळत्याजुळत्या दोऱ्याने.

शत्रूला आपल्या विजयाची इतकी खात्री, की त्याने आधीच डागडुजी सुरू केली होती.

त्या संध्याकाळी स्नेझानाच्या रुमालाला डांबराच्या गोळीचा वास आला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. बायको माझ्याविरुद्ध आपल्या बहिणीला मिळाली की काय? ती ताक घुसळत असताना मी हळूच मागून तिचा रुमाल हुंगत उभा राहिलो. तिने वळून विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? हिवाळ्याच्या रजया उन्हात घातल्या होत्या म्हणाली. उत्तर फारच पटकन आलं. मी ते लक्षात ठेवलं.

रविवारी दुकान बंद. सोमवारी कोटाच्या खिशात डांबराची गोळी निघाली.

मंगळवारी कोट पुन्हा नाहीसा झाला. मी धावत दुकानातल्या कपड्यांच्या गल्लीच्या टोकाला वळलो, तर पडद्यांच्या गठ्ठ्यामागून खुद्द प्लामेन बाहेर येत होता. केसात धागे, चेहऱ्यावर साईसारखी निरागसता.

“इथे काय करतोस?” मी विचारलं.

“पडदे बघतोय.”

“तुझ्या घरी पडदे आहेत.”

“म्हणून तर नुसते बघतोय,” तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने सांगितलं की या वर्षी मीच जिंकणार असं त्याला आतून वाटतंय, माझी शरीरयष्टीच मुळी लॉर्डाची आहे. (माझी शरीरयष्टी पाण्याच्या मीटरची आहे. वर गोल, खाली नळी.) साडू स्तुती करायला लागला की घरातले चमचे मोजून घ्यावेत. जाता जाता तो सहज म्हणाला, “पोरांचे बर्फातले कपडे बघितलेस का? तिकडेही काही काही चांगलं निघतं.”

अर्थात मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. एवढं कच्चं आमिष गिळायला मी काय मासा आहे? बाकीचं सगळं दुकान मी पालथं घातलं. पोहण्याचे पोशाखही सोडले नाहीत. दोन बायकांनी गीनाकडे तक्रार केली. शेवटी बंद व्हायच्या सुमारास नाइलाजाने पोरांच्या कपड्यांकडे वळलो, आणि कोट तिथेच होता. साडू खरं बोलला, याचा मला जो धक्का बसला त्यातून मी रात्रभर सावरलो नाही. तो खरं बोलतोय म्हणजे त्याचा डाव माझ्या कल्पनेपेक्षा फारच खोल होता.

बुधवारी दुकान उघडण्याआधी थंडीत रांग लागली होती आणि प्लामेन माझ्या पुढे उभा होता. मी मनाशी ठरवलं, नातं गेलं तरी चालेल. दार उघडलं आणि सगळं गाव एका दमात आत घुसलं. प्लामेन धावला, मी धावलो, आणि ऐन वळणावर, देवाची कृपा बघा, प्लामेन पाय घसरून आडवा पडला. प्लामेन आडवा पडला की गल्ली बंद होते. मागचे लोक त्याच्या पोटाशी अडकले, आणि मी एकटा त्याला ओलांडून पोरांच्या कपड्यांपर्यंत पोचलो. कोट छातीशी धरून गल्ल्यावर एक लेव आपटला तेव्हा तो अजून जमिनीवर होता. लोकांना म्हणत होता, जरा थांबा, कंबर लचकलीय. मला त्याची दया आली. खोटं कशाला सांगू, फार थोडी आली.

सणाच्या दिवशी अख्खी चाळ लॉर्ड होऊन आली. शेजारचा बेकरीवाला झालरीच्या शर्टात, त्याची बायको कुणाच्या तरी लग्नातल्या जांभळ्या मखमलीत. सगळे एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचत होते आणि चीज घातलेली बानित्सा खरंच कोणी मागत नव्हतं. स्नेझानाचा हिशेब बरोबर आला होता. सासूबाई खुर्चीत बसून प्रत्येकाचं कापड चिमटीत धरून तपासत होत्या.

प्लामेन आला तेव्हा सगळे चिठ्ठ्या सोडून त्याच्याकडे वळले. त्याच्या अंगावर राजधानीतल्या, सोफियातल्या मोठ्या दुकानातला कोरा करकरीत सूट होता आणि बाहीला छापील किमतीची चिठ्ठी. सासूबाईंनी आकडा विचारला. त्याने तो मोठ्याने सांगितला, मग बहिरा बेकरीवाला होता म्हणून पुन्हा सांगितला. सासूबाईंनी पाणी मागितलं. मी ओळखलं, हरण्याच्या भीतीने माणूस भ्रमिष्ट झाला.

मग मी पुढे झालो. सासूबाईंनी कोटाला हात लावला, अस्तर उलटून पाहिलं, बटण ओढून पाहिलं.

“केवढ्याला?”

“एक लेव, आई.”

“आणि हे बटण नव्याने लावलंय. त्याचे किती?”

“तेही फुकट. कोणी लावलं तेसुद्धा मला माहीत नाही.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हा माझा खरा जावई.”

मी डोळे मिटून घेतले. तो क्षण मला पूर्ण भोगायचा होता. त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य मी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. टेकडीवरचं आपलं घर त्यांनी एका दंतवैद्याला भाड्याने दिलं होतं. कुठल्या मुलीकडे कायमचं राहायला जावं, ते ठरत नव्हतं. “उधळ्याच्या घरी माझा जीव रमायचा नाही. ज्या घरात असा कोट एका लेवला येतो, तिथेच माझं म्हातारपण नीट जाईल. उद्या सकाळी येते मी.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त प्लामेनने. स्नेझाना माझ्याकडे अशी पाहत होती, जसं नळ उघडा टाकून गावाला गेलेल्या माणसाकडे खालच्या मजल्यावरचे पाहतात.

मी प्लामेनला बाल्कनीत गाठलं. तो हातात रश्श्याची वाटी घेऊन, अंग वाचवून खात होता.

“बटण तू लावलंस.”

“योर्दांकाने लावलं. माझी बोटं जाड आहेत.” योर्दांका म्हणजे त्याची बायको, माझी मेव्हणी. आईच्या मनात काय शिजतंय ते तिला उन्हाळ्यातच कळलं होतं.

“आणि डांबराची गोळी?”

“कसर लागली असती तर सगळंच मुसळ केरात. त्यात तू नवरीच्या कपड्यांत लपवतोस. अरे, तिथे लोक पहिल्यांदा बघतात. रोज तुझ्या मागून येऊन मला तो नीट लपवावा लागायचा.”

म्हणजे आठवडाभर मी ज्याच्यापासून कोट वाचवत होतो, तोच तो माझ्यासाठी राखत होता. तरी उरलासुरला अभिमान गोळा करून मी म्हटलं, “पण या सुटापायी तूही चांगलाच खड्ड्यात गेलास.”

प्लामेनने किमतीची चिठ्ठी अलगद बाहीच्या आत सरकवली. “उद्या परत देतोय. चिठ्ठी शाबूत असली की सगळे पैसे परत मिळतात. जरा बाजूला हो, वाटीतलं सुटावर सांडेल.”

एक लेवही न खर्चता लॉर्ड. म्हणजे त्या संध्याकाळी खरी स्पर्धासुद्धा तोच जिंकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बॅगा घेऊन आल्या. त्या माझ्या कपाटातले माझे कपडे खाली काढत असताना मी शेवटचा डाव टाकला. सुटाची सगळी हकिगत सांगितली, चिठ्ठीसकट. म्हटलं, आई, तुमच्या हातून अन्याय झाला. खरा काटकसरी तो आहे, तुमची जागा तिकडे आहे, मी टॅक्सी बोलावतो, भाडंसुद्धा मी देतो.

सासूबाई शांतपणे आपले झगे लावत राहिल्या.

“तो हुशार आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “हुशार माणसाच्या घरी म्हातारीचं काही चालत नाही. मला तूच बरा.”

मग मी शहाण्यासारखा खाली गेलो आणि त्यांच्या उरलेल्या बॅगा वर आणल्या. (‘शहाण्यासारखा’ हा शब्द सवयीने पडला. वाचकांनी खोडून टाकायला हरकत नाही.)