उशीत शिवलेले अर्थ

रशीदचाचांनी मला कामावर घेतलं, भाड्याची खोली बघून दिली आणि माझ्या अडाणीपणाला कधी हसले नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांचं जे करून ठेवलं ते वाचून कुणी मला कृतघ्न म्हणू नये.

माझं गाव जत तालुक्याच्या पार टोकाला, कर्नाटकाच्या शिवेवर. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सांगलीत चाचांच्या गादी-दुकानात मी खोळी शिवते.

चाचा सत्तरीचे. कुराण अरबीत म्हणायला लहानपणीच शिकले, पण अर्थ कधी कुणाला विचारला नाही. दीड वर्षापूर्वी विलायतेतल्या नातवानं, अयाननं, फोनवर विचारलं, "नाना, तुम्ही म्हणता त्याचा अर्थ काय?" त्या पोराला इंग्रजीशिवाय काही येत नाही. आठवड्याच्या आत चाचांनी कुराणाची दोन इंग्रजी भाषांतरं आणि विटेएवढी डिक्शनरी आणली, आणि कापूस पिंजावा तसे शब्द पिंजायला बसले.

"आवं चाचा, मराठीतबी मिळत आसंल की."

"मिळतंय. पन मराठीत वाचलं की लगीच कळल्यागत वाटतंय. इंग्रजीत दर शब्दाला ठेच. ठेच लागली की मानूस खाली बघतो."

पुस्तकाला हात लावण्याआधी वजू करणार. हातपाय धुऊन येतात तो चष्मा कापसात हरवलेला. चष्मा सापडला की हाताला कापूस, की परत नळ. कापसानं वजू तुटत नाही असं मौलवीसाहेबांनी दोनदा सांगितलं. "त्यांचं बरोबर हाय," म्हणत चाचा नळाकडं.

पुस्तकात पेन्सिल टेकवणार नाहीत. एकेक शब्द चिठ्ठीवर, खाली अर्थ. असला कागद पायदळी येता कामा नये, म्हणून चिठ्ठ्या उशीच्या कोऱ्या खोळीत, आणि खोळ उंच खुंटीला. शिवाय प्रत्येक अर्थाची परीक्षा आधी माझ्यावर. "तुला कळलं तर पोराला कळंल," म्हणायचे.

एकदा म्हणाले, "हितं 'मर्सी' लिवलंय. म्हंजी दया."

"भिकाऱ्यावर करत्यात ती?"

"तुला काय वाटतंय?"

"ती न्हवं. आई करती, ती आसंल."

चाचांनी पानं उलटून तळाची बारीक टीप शोधली. मग हळूच म्हणाले, "पोरी, अरबीत ह्या शब्दाचं आन् आईच्या गर्भाशयाचं मूळ एकच हाय."

सुई हातात तशीच राहिली. एवढं मोठं काही मला आजवर कुणी विश्वासानं सांगितलं नव्हतं.

आणि अशा माणसाचं मी काय केलं? लग्नसराई होती. खुंटी निखळली म्हणून चाचा चिठ्ठ्यांची खोळ टेबलावर ठेवून जुम्म्याच्या नमाजाला गेले. मला सहा उशा पुऱ्या करायच्या होत्या. टेबलावरची सहावी हाताला हलकी लागली. दोन मुठी कापूस कोंबला, तोंड शिवलं, आणि सहाही उशा हळदीच्या एका व्यापाऱ्याकडं पाठवून दिल्या.

चाचा आले, टेबलाकडं बघत उभे राहिले. दीड वर्षाच्या चिठ्ठ्या मी उशीत शिवून टाकल्या होत्या. रविवारी अयानचा फोन, आणि पहिला सूरा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, त्याला पहिल्यांदाच पुरा समजावायचा होता. मला तर काम सुटून गावाकडची यष्टीच दिसायला लागली.

"टेबलावर मीच ठिवलीती," चाचा म्हणाले. "चल, चप्पल घाल."

व्यापाऱ्याची म्हातारी आई, जैनांच्या आक्का, दारातच होत्या. "ती व्हय? डोकं टेकलं की कुरकुर वाजाय लागली. उसवून बघितली. काय लिवलंय ते कळंना, पन कुनीतरी जीव लावून लिवलंय, एवढं कळलं." उशी त्यांनी आपल्या पोथ्यांच्या फळीवर ठेवली होती. चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली. डोळे भरले होते. निघताना आक्का म्हणाल्या, "आन् गादीवाले, कापूस लय कमी भरता हो!"

रविवारी चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला, टेबलावर चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. मी उरलेलं काम उरकायला आले होते. फोन लागला. पलीकडून त्यांची लेक म्हणाली, "अब्बा, अयान मॅचला गेलाय. आणि आता तो ते काही विचारत नाही हो."

"आसू दे. खेळू दे त्याला."

फोन ठेवल्यावर त्यांनी एक चिठ्ठी उगाच सरळ केली. मग म्हणाले, "सुनंदा, घाई हाय का तुला?"

"न्हाई, चाचा."

पहिल्या शब्दापासून त्यांनी मला सगळं समजावलं. इंग्रजीतूनच, तयारी तशी केली होती म्हणून. मधूनच थांबायचे, पोरानं काही विचारावं म्हणून जागा सोडल्यासारखे. तेवढ्यात मी विचारायची.

यंदा मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावीला बसायला. इंग्रजीचा पेपर अजून डोंगराएवढा वाटतो. पण चाचा, शब्द देते. एक ना एक दिवस तुमची चिठ्ठी न् चिठ्ठी माझ्या हातच्या इंग्रजीत वहीत उतरवीन आणि अयानला पाठवीन. तो वाचील तेव्हा वाचील.