मुलांचे छावणीवर संकट आले, ते म्हाळसाबाईंनी कैसे निवारिले त्याची हकिकत

श्रीकुलदेवता समर्थ. जिचे कृपेने पाणी निर्मळ राहते आणि लेकरे सुखरूप घरी येतात, तिचे पायी मस्तक ठेवून सेवक लिहितो. साहेबी आज्ञा केली की, नदीकाठचे छावणीत जे डोळां पाहिले ते लिहावे. त्यास हकिकत ऐसी जे, शके सोळाशे बारा, प्रमोदनाम संवत्सरे, माघमासी महाराजांचे चित्तात आले की, राज्यातील मुले आपापले गावीच वाढतात, एकमेकांस ओळखत नाहीत. सबब गावोगावची मुलेमुली एके ठायी आणावी, एकवीस दिवस राहुट्यांत ठेवावी आणि पोहणे, घोड्यावर बसणे, रानचा पाला ओळखणे शिकवावे. हुकूम सुटला आणि राज्यात एकच उत्साह जाहला!

छावणीचे सरदार यसाजी पांगारे. साठीचे गृहस्थ, चाळीस मोहिमा केलेले, आवाज नगाऱ्यासारखा, आणि मुलांवर जीव फार. आरोग्याचे कामी म्हाळसाबाई वैद्यीण नेमिल्या. बाई ठेंगण्या, बोलणे थोडे; पटकीने त्यांचे दोन लेक एके दिवशी गेले होते, तेव्हापासून पाणी कोठले हे पुसल्यावाचून घोट घेत नसत. त्यांचे हाती महाराजांनी शिक्क्याचे नियमपत्र दिले की, येणारे प्रत्येक मूल तपासून घ्यावे. शौचाचे चर पाणवठ्याचे खालचे अंगास, दोनशे पावले दूर खणावे. पिण्याचे पाणी उकळून झाकावे. दोन अंथरुणांत दोन हात जागा सोडावी. राखेने हात धुतल्यावाचून कोणी पंगतीस बसू नये. आजारी पडेल त्यास निराळे राहुटीत ठेवावे, तेथे वैद्यिणीवाचून कोणी जाऊ नये. मग मुले आली, दोनशेंवर, आणि काय तो गलबला! कोणी आईचे नावे रडते, कोणी घोड्यास मिठी मारिते, आणि बाई दारीच उभ्या राहून एकेकाची जीभ, डोळे, नखे पाहतात. तीन दिवस ऐसे आनंदात गेले की, रडणारीच मुले घरास निरोप धाडू लागली की, आम्हांस नेऊ नका.

चौथे दिवशी जासूद आला की, महाराज आठवे दिवशी स्वतः पाहणीस येणार. यसाजींस हर्ष मावेना. घोड्यांचे कसरतीस मैदान पाहिजे आणि सपाट जागा तीच, जेथे चर होते; मग सरदारांनी ते चर बुजविले आणि पाणवठ्याचे वरचे अंगास नवे खणविले; आणि लाकूडफाटा महाराजांचे मेजवानीस राखून पाणी उकळणे बंद केले. बाई धावत आल्या आणि बोलिल्या, "सरदारसाहेब, हे काय मांडिले? घाण वर आणि पिणे खाली?"

यसाजी हसोन बोलिले, "बाई, चार दिवसांची गोष्ट. वाहते पाणी आहे, वाहून जाईल. आम्ही चाळीस मोहिमा ऐशाच पाण्यावर काढिल्या."

"त्या मोहिमांत तलवारीने किती गेले आणि पोटाने किती, हे कधी पुसले?"

यसाजी रागे भरले आणि "छावणीचे धनी आम्ही" म्हणोन निघोन गेले. मग बाईंनी आपली बाज मोडिली, तिची लाकडे जाळिली आणि धाकट्या मुलांपुरते एक हंडा पाणी उकळिले. अधिक काही हाती नव्हते.

सहावे दिवशी अवकाळी सर आली आणि वरची घाण पाणवठ्यात उतरली. सातवे दिवशी सकाळी गोदू म्हणोन मिठागरावरची मुलगी, यसाजींची लाडकी, घोड्यावरून उतरता उतरता कोसळली. प्रहरात अकरा मुले पडली, दोन प्रहरी चौतीस! यसाजी धावत आले, गोदूस मांडीवर घेतले. ती बोलिली, "आजोबा, पाणी." सरदारांनी घागरीतले पाणी भरून तांब्या तिचे ओठी नेला, तो बाईंनी हातावर फटका मारून तांब्या उडविला आणि ओरडल्या, "हेच पाजून पाडिली तिला!"

आजवर सरदारांवर हात कोणी टाकिला नव्हता. यसाजींनी सांडले पाणी पाहिले, पोरीचे तोंड पाहिले आणि बोलिले, "बाई, चूक माझी. आता हुकूम तुमचा."

मग जी लढाई जाहली तिची काय शर्थ वर्णावी! मेजवानीची लाकडे चुलाण्यांत गेली, सोळा हंडे एके वेळी उकळू लागले, आणि बाई उभ्या राहून हुकूम देतात, आणि शिलेदार मंदील काढून राख वाहतात, आणि निरोगी मुले दुसरे अंगास नेली, आणि यसाजी स्वतः कुदळ घेऊन वरचे चर चुन्याने बुजवितात आणि कसरतीचे मैदान फोडून खाली नवे खणितात! आजाऱ्यांस मीठ-गुळाचे उकळले पाणी चमचा चमचा पाजिले. एकाने ओकले तर पुन्हा पाजिले. गोदूची नाडी लागेना, बाई तिजपासून हलेनात. आठवे दिवशी ऊन राहुटीवर आले तेव्हा तिने डोळे उघडिले आणि म्हटले, "यात मीठ कमी आहे." बाई हसता हसता रडू लागल्या.

तोच महाराजांची स्वारी आली. ना कसरत, ना नौबत. सरदार गुडघाभर चिखलात. यसाजी मुजरा करून बोलिले, "महाराज, दाखवावयास चर आहे तो पाहावा. पहिला मी बुजविला, त्यानेच मुले पडली." महाराज आजाऱ्यांचे राहुटीकडे चालले, तो बाई दारी आडव्या जाहल्या: "आत कोणी जाऊ नये, हा आपलाच शिक्का आहे." मग महाराज बाहेरच उभे राहिले, कनातीआडून मुलांचे कुशल पुसले, आणि बाईंस म्हणाले, "सरदारांस दूर करितो. दुसरा कोण द्यावा, सांगा."

बाई बोलिल्या, "दुसरा नको. नवा येईल तो हे सारे पहिल्यापासून शिकेल, आणि मुलांवर शिकेल. यांचे शिकून जाहले आहे."

महाराजांनी मान्य केले. छावणी एकवीस दिवस चालली, यसाजी रोज सकाळी चर आणि हंडे पाहून मगच घोड्यावर बसत.

तात्पर्य, या मोहिमेत मुलूख मिळाला नाही, निशाण लागले नाही. जितकी मुले आली तितकी आपले पायी घरी गेली. यापरते यश सेवकाने पाहिले नाही. जैसे जाहले तैसे लिहिले, अधिक उणे क्षमा असावी.