हौसाक्का आणि माझा रिपोर्ट

आमच्या गल्लीतली हौसाक्का कुठलीच गोष्ट एकदा मापून खरी मानत नाही. वांगी घेतली की ती तशीच समोरच्या किराणा दुकानात नेऊन तिथल्या काट्यावर घालते. ताप बघायचा तर दोन्ही काखांत बघते. भाच्यासाठी मुलगी बघायला गेली, तेव्हा पोहे खाऊन निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन दार वाजवलं. "पावणं, पोरगी परत दावा. मगाशी नटल्याली हुती." लग्न जमलं, हे विशेष.

तिच्या दोन म्हशी आहेत. संध्याकाळी त्या रस्त्याकडेला उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढते आणि फेसाचा ग्लास हातात देते. सकाळचं दूध डेअरीला घालते. तिथं फॅट कमी लागली की हिचा आवाज चौकापर्यंत ऐकू येतो, "परत मापा!" परत तेवढीच लागली तर किटली उचलून दुसऱ्या डेअरीत जाते. तिथं कधीकधी दूध पास होतं. मग दिवसभर ती खुशीत असते.

आमच्या भागात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. शेजारणींनी ओढून नेलं म्हणून मी गेले. गर्भपिशवीच्या तोंडातून नमुना घेतला. काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला, रिपोर्टमध्ये पेशींत बदल दिसतोय, येऊन भेटा. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. कॅन्सरच असणार असं धरून बसले होते. नवरा कागलला कामाला, रात्री दमून येतो. त्याला असलं काय आणि कसं सांगायचं? जायचंच नाही, असं मी ठरवलं.

त्या संध्याकाळी हौसाक्काकडं दूध आणायला गेले आणि भांडं न्यायचंच विसरले.

"वंजळीत घालू व्हय दूध?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "काय झालंय गं?"

मी तिच्या कानात सांगितलं. हौसाक्काला कानात बोलता येत नाही.

"पिशवीच्या तोंडाचा रिपोर्ट?" ती ओरडली. ग्लास घेऊन उभे असलेले दोघंजण वळून बघायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग त्यात रडायचं काय? दुसऱ्या लॅबात दे की नमुना! दूध न्हाय का दुसऱ्या डेअरीत पास हुत?"

दुसऱ्या दिवशी ती मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरबाई तरुण होत्या. मी तोंड उघडायच्या आत हौसाक्कानं डेअरीची सगळी हकिगत सांगितली आणि दुसऱ्या लॅबची चिठ्ठी मागितली.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "आधी एक ऐका. हा रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. पेशी थोड्या बदलल्यात. बहुतेक वेळा एका विषाणूमुळं असं होतं, आणि पुष्कळ बायकांचं आपोआप बरंही होतं. पण बदल कुठं आहे, किती आहे, ते दुर्बिणीतून बघायला लागतं."

"आणि दुसरीकडं पास झालं तर?" हौसाक्का.

"तरी बघायचंच. आता परत दूध मापायचं नाही आजी, थेट म्हशीकडं जाऊन बघायचं."

म्हैस म्हणजे मी. तरी मला हसू आलं. फोन आल्यापासून पहिल्यांदाच.

हौसाक्कानं मान डोलावली. "ह्ये मातुर बराबर हाय," म्हणाली.

तपासणी मला वाटली तेवढी अवघड नव्हती. व्हिनेगरसारखं पाणी लावलं, थोडं चुरचुरलं. एक बारीक तुकडा घेतला तेव्हा चिमटा बसल्यासारखं झालं. त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आधी सांगायचं न्हाय का?" आणि स्वतः उठून चहा टाकला.

तुकड्याच्या रिपोर्टला हौसाक्का आणि मी, आम्ही दोघीच गेलो. बदल किरकोळ होता. औषध नको, कापाकापी नको. वर्षानं परत तपासायचं आणि ते चुकवायचं नाही, असं बाईंनी बजावलं. मी पदरानं डोळे पुसले.

"आजी, तुम्ही कधी केली ही तपासणी?" बाईंनी सहज विचारलं.

"मी? न्हाय."

"एकदाही नाही?"

हौसाक्का आपल्या पायांकडं बघत बसली. "मालक गेल्यापास्नं दवाखान्याची पायरी चढली न्हाय, बाई. एकटीनं यायचं, आन काय निघालं तर कुणाला सांगायचं? म्हशीस्नी?"

मी म्हटलं, "अक्का, मी हाय की." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

ती उठली. तपासणीच्या टेबलापुढच्या पडद्यापर्यंत गेली आणि थांबली. पदराची गाठ सोडून घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"पिशवीत ठेवा की, आजी," पडदा सारत नर्स म्हणाली.

"नगं," हौसाक्का म्हणाली. "हिच्याजवळ असू दे."