घाटातला मुक्काम

‘प्रवास अगदी सुखाचा झाला’ असं रेगेकाकांसमोर म्हणायचं नसतं. ग्वाल्हेरातल्या आमच्या शिंदे की छावनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र मागच्या महिन्यात कोकणातून आलो आणि नेमकं तेच म्हणालो, तेही त्यांच्या घरात बसून, खणखणीत आवाजात.

प्रवासाहून आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय पाहिलं, काय खाल्लं. रेगेकाका विचारतात, "पहिले हे सांगा, अटकलात कुठे?"

काका सिंचाई खात्यातून निवृत्त झालेले. किडकिडीत, घरातही इस्त्रीच्या शर्टात. ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी लोकांचं कोकण बहुतेक लग्नपत्रिकेतल्या कुलदैवतापुरतंच उरलंय, आणि काकांनी तर जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पण गल्लीतलं कुणी त्या बाजूला जाऊन आलं, की बॅगा उघडायच्या आधी काकांच्या ओट्यावर हजेरी. किल्ले, देवळं, मासे यांत त्यांना काडीचा रस नाही. सूर्यास्ताचा फोटो दाखवायला गेलं तर हात झटकतात. "समुद्र असेलच तिथे, तो कुठे जातोय? अडचण सांगा."

अडचणीप्रमाणे पाहुणचार. गाडी पंक्चर झाली असेल तर चहा. दरड कोसळून रस्ता बंद असेल तर चहा आणि शेव. समोरच्या जोश्यांच्या जावयानं एकदा सांगितलं, की जंगलातल्या रस्त्यात गवा आडवा उभा होता. काकांनी नया बाज़ारातून आणलेला तिळाच्या गजकाचा अख्खा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"किती वेळ उभा होता?"

"असेल दहा-पंधरा मिनिटं."

"बस? नीट याद करा."

जावई भला माणूस. त्यानं गजकाकडे पाहिलं आणि गव्याला तासभर उभं केलं.

जोश्यांची भाची पुण्यात नाटकाला गेली. नाटक इतकं लांबलं, की तिची कोकणात जायची शेवटची बस चुकली. काका दोन दिवस खुशीत होते. "पुण्याचं हे एक बरं आहे. माणसाला पुढे जाऊ देत नाही."

आम्ही हसायचो. मी जरा जास्तच. काकांची नक्कल मला उत्तम जमते, असं माझं मत आहे. बायकोचं नाही.

तर मागच्या महिन्यातली दुपार. ओटा तव्यासारखा तापलेला, म्हणून काकांनी आम्हा नवरा-बायकोला आत बसवलं. आत पलंगावर काकू होत्या. त्यांना पक्षाघात होऊन दोन-अडीच वर्षं झाली. अंग गेलं, मग हळूहळू आठवणही गेली. माझी बायको अधूनमधून दुपारी त्यांच्यापाशी जाऊन बसते, त्यामुळे ती सरळ पलंगाच्या कडेला टेकली आणि त्यांचे पाय चेपू लागली. मी शेजारच्या खुर्चीत ऐसपैस.

"हं. अटकलास कुठे, अनिल?"

"अटकायचं नाव नको, काका. प्रवास अगदी सुखाचा झाला. आता घाट लागतच नाही. खालून बोगदा काढलाय. तोंडातली गोळी विरघळेस्तोवर पलीकडे, थेट कोकणात." हे मी अशा थाटात सांगितलं, की जणू बोगदा मीच खणला होता.

बायकोनं माझा हात दाबला. मला वाटलं, कौतुकानं. म्हणून पुढे म्हणालो, "आणि खाडीवर पूल झाला. होडीची वाट बघायलाच नको."

काकूंनी डोळे उघडले. "मग आपण का थांबलोय हो?"

काका गडबडले. "अगं, आपल्याला जुन्या रस्त्यानं..."

"तो म्हणतोय ना, बोगदा आहे."

उरलेलं मला बायकोनं नंतर सांगितलं. काकूंचं माहेर कोकणातलं, खाडीपलीकडच्या गावातलं. लग्नही इथे ग्वाल्हेरलाच लागलं. काका दर उन्हाळ्यात म्हणायचे, पुढच्या साली जाऊ. कधी कालव्याची कामं, कधी मुलाची परीक्षा, मग काकांचे गुडघे. आठवण गेल्यावर काकू रोज संध्याकाळी घरी जायचं म्हणून रडायच्या. एका संध्याकाळी काका म्हणाले, "निघालोच आहोत आपण," आणि त्या शांत झाल्या. तेव्हापासून दोघं वाटेवरच होती. वळण आलं, की काका गुडघ्यानं पलंग हलवायचे. "घर आलं का?" असं काकू विचारायच्या आणि काका सांगायचे, आज दरड कोसळलीय, आज गवा उठत नाहीये. पोचवायचं कुठे? माहेरी कुणीच उरलं नव्हतं. घरसुद्धा विकलेलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही त्याचीही नक्कल केली असतीत."

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, रागानं नव्हे. मग पलंगाला गुडघा लावून म्हणाले, "चल मग. बोगदा आहे, डोळे मीट. अंधार असेल." पलंग कुरकुरत राहिला. "आलो बाहेर. हा पूल." इथं ते थांबले आणि हळूच मला विचारलं, "समुद्र कुठल्या हाताला?"

"उजव्या," मी म्हणालो.

"उजव्या हाताला बघ. समुद्र."

काकूंनी मान वळवली. उजवीकडे कूलर होता. ओला वारा त्यांच्या तोंडावर येत होता.

"अंगण आलं," काकू स्वतःच म्हणाल्या. आणि मग स्पष्ट हाक मारली, "आई."

इतके दिवस गल्लीभरच्या अडचणी गोळा करणाऱ्या माणसापाशी त्या वेळी एकही शिल्लक नव्हती. काका इस्त्रीच्या शर्टाचं बटण चाचपत उभे राहिले. माझी बायको वाकली आणि काकूंच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आले गं. दमलीस ना? नीज आता."

काकूंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले.

त्या अजून आहेत. भरवलं तर खातात, कूस बदलली तर बदलू देतात. पण त्या दिवसापासून त्यांनी काही विचारलेलं नाही. काकांशी एक शब्दही नाही. परवा कुणी गोव्याहून आलं आणि गाडी बंद पडल्याची लांबलचक हकिकत घेऊन ओट्यावर बसलं. काका म्हणाले, "सुखरूप आलात, बरं झालं," आणि आत गेले.

काल आम्ही दोघं गेलो होतो. मी माफीचं काहीतरी पुटपुटलो.

"तुझी काय गलती, अनिल? रस्ता झाला तर माणूस सांगणारच." मग काकूंकडे बघत म्हणाले, "ती गेली आत, माहेरी. जावई बाहेर उभा आहे, तर कुणी 'या' म्हणेना. असं कुठे असतं का?" आणि हसायचा प्रयत्न केला.

घरी आल्यावर बायकोनं कणीक मळायला घेतली. मग परातीतून मान वर न करता म्हणाली, "मला असं काही झालं, तर तुम्हीच न्या मला माहेरी. तुम्हाला कुठलाच रस्ता धड सापडत नाही, आपण वाटेवरच राहू."